फॅशन मॅगझिनचा एडिटोरियल स्प्रेड ग्रुप प्रोजेक्टला आलाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैमध्ये फॅशन कम्युनिकेशन, मास मीडिया आणि अप्लाइड आर्टच्या पोरापोरींचे तेच प्रश्न येतात. ब्रीफ पण साधारण तेच असतं, पाच-सहा जणांचा ग्रुप, आठ पानांचा फॅशन एडिटोरियल, छापील प्रत आणि शेवटी ज्युरी (परीक्षकांसमोर सादरीकरण). म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उदाहरणासाठी सगळीकडे एकच कल्पना धरलीय: पावसाळ्यात अंगावर काय घेतात, इरलं-घोंगडीपासून विंडचीटरपर्यंत, आणि शूट मावळात भाताच्या खाचरांच्या आसपास. तुमचा विषय वेगळा असेल तरी डोकेदुखी हीच असणार.

एडिटोरियल म्हणजे नक्की काय? लुकबुक आणि कॅटलॉगपेक्षा वेगळं काय त्यात?

कॅटलॉगला कपडा विकायचाय, त्यामुळे बटणं, लांबी, रंग सगळं स्वच्छ दिसलंच पाहिजे. लुकबुक म्हणजे एका डिझायनरचं एक कलेक्शन ओळीने दाखवलेलं. एडिटोरियलमध्ये कपडे दहा ठिकाणचे असू शकतात, त्यांना बांधून ठेवते ती गोष्ट किंवा मूड, आणि ही गोष्ट मॅगझिनची स्वतःची असते, ब्रँडने पैसे देऊन सांगायला लावलेली नाही (पैसे घेतले की ते ॲडव्हर्टोरियल, आणि तसं पानावर लिहायचं असतं). १९५५ मध्ये फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनने पॅरिसच्या एका सर्कशीत डिओरचा गाऊन घातलेल्या डोव्हिमा या मॉडेलला हत्तींच्या मधे उभं करून 'हार्पर्स बझार' मॅगझिनसाठी जो फोटो काढला तो बघा. गाऊनची शिलाई त्यात नीट कळत नाही, पण हत्तीची खरखरीत कातडी शेजारी असल्यामुळे तो कपडा किती मऊ असेल हे बघताक्षणी कळतं.

आणि स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं, जी वाचणाऱ्याला एकदम दिसतात. आठ पानं म्हणजे चार स्प्रेड. हे डोक्यात पक्कं करा कारण निम्मे ग्रुप शेवटपर्यंत सुटी पानंच डिझाइन करत बसतात.

कॉन्सेप्ट कसा ठरवायचा? आम्ही 'मान्सून' घेतलाय, चालेल ना?

'मान्सून' हा विषय झाला, कॉन्सेप्ट नाही. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात म्हणून जरा सविस्तर सांगते.

विषयावरून फोटो काढले की काय होतं, छत्री घेतलेली मुलगी, पाय आपटून पाणी उडवणारी मुलगी, खिडकीत चहा पिणारी मुलगी. आठही फोटो छान, आणि कुठलाही एक काढून टाकला तरी काही फरक पडत नाही. हीच परीक्षा आहे खरं तर. एक पान काढलं आणि काहीच बिघडलं नाही, तर तुमच्याकडे गोष्ट नाहीये, नुसते फोटो आहेत.

आता त्याच पावसाला प्रश्न विचारा. पावसापासून वाचायला कोण काय अंगावर घेतं? आधी बांबूच्या कामट्यांचं, पानं लावलेलं इरलं होतं, घोंगडीची खोळ होती, मग मेणकापड आलं, प्लॅस्टिकचा कागद आला, शाळेचा ढगळ रेनकोट ज्यात दप्तरासकट पोर मावतं, बाइकवाल्यांचा जोड सूट, आणि आता ट्रेकवाल्यांचं महागडं जॅकेट. यातून आपोआप एक ओळ निघते: अंगावरचं छप्पर. ही ओळ मिळाली की स्टायलिंगला दिशा मिळते (सगळ्या कपड्यांचा आकार छपरासारखा, खांद्यावरून खाली उतरणारा), लोकेशनला मिळते, पहिलं पान आणि शेवटचं पान काय असेल तेही सुचायला लागतं.

तुमची ओळ विशेषणं न वापरता सांगता येते का बघा. 'बोल्ड, फिअरलेस, व्हायब्रंट' असलं काही येत असेल तर अजून कॉन्सेप्ट सापडलेला नाही.

मूडबोर्ड (कल्पनेचा मूड दाखवणारा फोटो-कापडांचा फळा) पिंटरेस्टवरून केला तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, फक्त वर्गातल्या सगळ्या ग्रुपचे बोर्ड सारखे दिसतात, कारण सर्च सगळ्यांनी तोच केलेला असतो. निम्मा बोर्ड इंटरनेटबाहेरचा ठेवा. घरातले जुने अल्बम, रद्दीवाल्याकडची जुनी मासिकं, आजीच्या ट्रंकेतलं कापड. मराठीत तर दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, मुळगावकर-दलाल या चित्रकारांची मुखपृष्ठं बघितलीत तर साडीचा काठ, दागिना आणि उभं राहण्याची ढब यावरच एक अख्खा बोर्ड होईल. बोर्डवर फक्त फोटो नकोत, कापडाचे तुकडे, रंगाच्या पट्ट्या, टाइपचे नमुनेही लावा. आणि बोर्डवरचे दुसऱ्यांचे फोटो बोर्डवरच राहू द्या, ते फायनल पानात आले की कॉपीराइटचा लफडा.

ग्रुपमध्ये कामं कशी वाटायची?

एडिटर, आर्ट डायरेक्टर, फोटोग्राफर, स्टायलिस्ट, मेकअप-हेअर, प्रॉडक्शन आणि लिखाण. माणसं कमी असतील तर एकाकडे दोन टोप्या, पण फोटोग्राफर आणि प्रॉडक्शन एकाच माणसाकडे देऊ नका. जो कॅमेऱ्यात डोळा घालून उभा आहे त्याला टेम्पो कुठे अडकला याचे फोन यायला नकोत.

खरी गोम वेगळीच आहे. शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्या आठवड्यात लिहून ठेवा. लोकशाही कॉन्सेप्ट ठरेपर्यंत ठीक आहे, पण फोटो निवडताना सहा जणांनी हात वर करून मतदान केलं की प्रत्येक वेळी सगळ्यात सेफ फोटो जिंकतो, जो कुणालाच नावडत नाही आणि कुणाला फारसा आवडतही नाही. शूटवर फ्रेमचा निर्णय आर्ट डायरेक्टरचा, कपड्याचा स्टायलिस्टचा, आणि कुठलं पान राहणार कुठलं जाणार हा एडिटरचा. बाकीच्यांनी मत द्यायचं, भांडायचंसुद्धा, पण नंतर मानायचं.

कपडे कुठून आणायचे? बजेट शून्य आहे.

सगळ्यांचंच असतं. आधी घरची कपाटं. सुती नऊवारी, खणाच्या चोळ्या, इरकल, काकांचा जुना कोट, सोलापुरी चादर, घोंगडी, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरात सापडतं आणि दुकानात मिळणार नाही असं मुरलेलं असतं. मग नाटकाची ड्रेपरी भाड्याने देणारे, त्यांच्याकडे फेटे-अंगरख्यापासून पोलिसाच्या ड्रेसपर्यंत सगळं असतं, फक्त फिटिंग बघून घ्या आणि डिपॉझिट किती ते आधीच विचारा. पुण्यात जुना बाजार बुधवार-रविवारी, तुळशीबाग, कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट. मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट, दादरचं हिंदमाता, आणि जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार.

नवीन डिझायनर किंवा बुटीककडून दोन दिवसांसाठी कपडे मागता येतात, बरेच जण देतात, पण त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागतं. प्रोजेक्ट काय आहे, कपडा कधी नेणार, कधी परत, क्रेडिट कुठे छापणार, खराब झाला तर जबाबदारी कुणाची, सगळं त्यात. कपडा हातात घेतानाच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, आधीचा डाग तुमच्या नावावर नको पडायला.

स्टायलिस्टच्या पिशवीत: सेफ्टी पिना, डबल साइड टेप, कपड्यांचे चिमटे आणि मोठे बुलडॉग क्लिप, सुईदोरा, स्टीमर, लिंट रोलर, स्किन कलरचे इनर, बगलेत लावायला पॅड (घामाचे डाग कपड्यावर पडत नाहीत), आणि मास्किंग टेप. टेप उसन्या बुटांच्या तळव्याला लावायचा, शूटनंतर काढला की तळवा कोरा. ढगळ कपडा मागून चिमटे लावून घट्ट करायचा, समोरून बघणाऱ्याला वाटतं अगदी मापाने शिवलाय. मॉडेल वळली की मात्र सगळं उघडं पडतं, फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा.

शूटला परवानगी लागते का? आमचं तर कॉलेजचंच काम आहे.

मोबाइलवर फोटो काढलात तर कुणी हटकत नाही, ट्रायपॉड आणि रिफ्लेक्टर उघडला की वॉचमन पाच मिनिटांत हजर. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये (शनिवारवाडा त्यातच येतो) साधं फोटो काढणं वेगळं आणि मॉडेल-लाइट घेऊन शूट करणं वेगळं, त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. रेल्वे स्टेशन आणि लोकलचंही तसंच, 'लेडीज डबा' ही कल्पना दर वर्षी कुणीतरी घेतंच आणि परवानगीचा विचार शूटच्या आदल्या रात्री करतं. लष्करी भागाच्या आसपास तर नकोच.

सोपा मार्ग म्हणजे खाजगी जागा: कुणाचा वाडा, शेत, गच्ची, बंद पडलेली गिरणी (मालक माहीत असेल तरच). शेतात करायचं तर मालकाशी आधी बोलून घ्या आणि लावणी झालेल्या खाचरात पाय घालू नका, बांधावरून चाला. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं पण लागतं. आणि पावसाळ्यात धबधबे, धरणं इथे जिल्हा प्रशासन बऱ्याचदा बंदी आदेश काढतं, तर निघण्याआधी बातम्या बघा. निसरड्या कड्यावर हील्स घालून मॉडेल उभी करण्याएवढा कुठलाच फोटो भारी नसतो.

शेतात काम करणाऱ्या लोकांना फ्रेममध्ये घेतलं तर मस्त दिसेल ना?

थांबा जरा. 'व्होग इंडिया'ने ऑगस्ट २००८ च्या अंकात हेच केलं होतं, खेड्यातल्या गरीब लोकांच्या हातात आणि अंगावर महागडे ब्रँड. बर्बेरीची छत्री धरलेला माणूस, फेंडीचं लाळेरं बांधलेलं मूल. टीका भरपूर झाली, आणि त्यातला सगळ्यात झोंबणारा मुद्दा होता कॅप्शनचा. ब्रँडची नावं छापलेली होती, माणसांची नव्हती.

म्हणून विचार करा की तुमच्या फ्रेममध्ये लावणी करणारी मावशी माणूस म्हणून आहे की वॉलपेपर म्हणून. तिला गोष्टीत घ्यायचं असेल तर विचारा, फोटो कशासाठी आहे ते सांगा, नाव लिहून घ्या आणि ते मॉडेलच्या नावाच्याच साइजमध्ये छापा. तिच्या अंगावरचा प्लॅस्टिकचा कागद हाही त्या पानावरचा एक कपडाच आहे, त्याचंही कॅप्शन करा. मला विचाराल तर 'अंगावरचं छप्पर' या कल्पनेत ते पान सगळ्यात भारी होईल. आणि ती नाही म्हणाली तर नाही, विषय संपला. आग्रह करायचा नाही.

मॉडेल कोण? ग्रुपमधलीच मैत्रीण चालेल?

चालेल, उलट बरं. फक्त कपडे मॉडेलच्या मापाचे आणा, आधी कपडे मग मॉडेल असं केलं की शूटच्या सकाळी रडारड होते. मैत्रीण असली तरी मॉडेल रिलीज फॉर्मवर सही घ्या, फोटो कुठे कुठे वापरणार ते त्यात लिहा. १८ वर्षांखालचं कुणी असेल तर पालकांची सही. आणि मेकअपमध्ये किंवा एडिटमध्ये त्वचा उजळ करू नका. सावळ्या रंगाला फाउंडेशनची शेड जुळत नसेल तर दोन शेड मिसळा, मानेवर लावून दिवसाच्या उजेडात तपासा. ज्युरीत याबद्दल विचारतात हल्ली, आणि विचारायलाच पाहिजे.

डीएसएलआर नाहीये, फोनवर केलं तर छापताना फाटेल का?

हिशोब करून बघा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-फोर पान म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० देतो, तर एका पानाला आरामात पुरतो. दोन पानांवर पसरलेल्या फोटोला रुंदीत जवळपास ४९६० पिक्सेल हवेत, तिथे तो थोडा कमी पडतो पण अगदीच वाईट नाही, इंचाला २४० पिक्सेलच्या आसपास येतं. खरी मर्यादा पिक्सेलची नाहीच, अंधारातल्या नॉइजची (दाणेदारपणाची) आणि पोर्ट्रेट मोडची आहे, जो केसांच्या कडा कापून खातो. तो मोड बंद ठेवा.

आणि कृपा करून फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. साध्या क्वालिटीत तिथे लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, छापील हिशोबाने साडेतेरा सेंटिमीटर, म्हणजे पानाच्या निम्म्याहून कमी. ड्राइव्हवर टाका किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दर वर्षी एका तरी ग्रुपचं कव्हर फॉरवर्ड केलेल्या फोटोचं असतं आणि लांबूनसुद्धा कळतं.

कॅमेरा मिळाला तर ५० मिलिमीटर एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स पुरे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) शूट करा. उजेड कमी पडला तर पांढरा थर्माकोलचा शीट रिफ्लेक्टर म्हणून धरायचा, मोठमोठ्या सेटवरही वापरतात.

पावसातच शूट करायचंय, काय सांभाळायचं?

पाऊस समोरून उजेड टाकला तर दिसत नाही, मागून उजेड आला की थेंब चमकतात, हे पहिलं. थेंब गोठवायचे तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास, रेषा हव्यात तर १/६०. एसी गाडीतून कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, पुसत बसू नका, बॅग उघडी ठेवून थोडा वेळ थांबा. बॅगेत सिलिका जेलची पाकिटं टाका. कॅमेऱ्याला कव्हर नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड, आणि एक माणूस फक्त छत्री धरायला, त्याचं दुसरं कुठलंही काम नाही.

ओला कपडा अंगाला चिकटतो आणि पारदर्शक होतो, स्टायलिस्टने घरी बादलीत बुडवून आधीच बघायचं. उसना रेशमी कपडा पावसात नेऊ नका, पैठणी तर अजिबात नको. मॉडेलसाठी टॉवेल, कोरडे कपडे, थर्मासमध्ये चहा. तिचे दात वाजायला लागले की चेहऱ्यावर दिसतं, मग कितीही क्लिक करा.

कॉल शीट म्हणजे काय, आणि लागतंच का?

एक पान असतं. कोण किती वाजता कुठे, शूटचा क्रम, कुठला लुक कुठल्या जागेवर, सूर्यास्त कधी, जवळचं हॉस्पिटल, सगळ्यांचे नंबर, जेवण किती वाजता. लागतंच. मेकअपला एका तासाच्या ठिकाणी दोन तास धरा. आणि जेवण वेळेवर द्या, फुकट काम करणारी माणसं वडापाववर दिवसभर तग धरतात पण उपाशी ठेवलीत तर दुपारनंतरचे फोटो बघून कळेल.

साडेचारशे फोटो झालेत, आठ पानांसाठी निवडायचे कसे?

हे माझं आवडतं काम. लॅपटॉपवर निवडू नका. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो, त्यामुळे तुम्ही सुटे सुंदर फोटो निवडता, आणि एडिटोरियल सुट्या सुंदर फोटोंनी होत नाही, ते एकामागून एक काय येतं यावर उभं राहतं.

आधी पहिल्या चाळणीत चाळीसेक फोटो ठेवा. ते पत्त्याएवढे लहान, साध्या कागदावर ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढा. कापा. वर्गात बाकं बाजूला सारून जमिनीवर पसरा. अलेक्सी ब्रॉडोव्हिच, जो १९३४ ते १९५८ 'हार्पर्स बझार'चा आर्ट डायरेक्टर होता, तोसुद्धा पानं अशीच जमिनीवर मांडून क्रम लावायचा. आता जोड्या लावा. डावीकडे काय, उजवीकडे काय. दोन्ही पानांवर चेहरा सारख्याच साइजचा असेल तर दोन्ही मरतात, एक मोठा घ्या आणि समोर एक लांबचा, नाहीतर नुसता हात, नुसता ओला काठ, घोंगडीच्या विणीत अडकलेलं पाणी. मॉडेल उजवीकडे बघतेय तर तिला डाव्या पानावर ठेवा, नजर पुस्तकात राहते. उलटं केलं की ती पानाबाहेर बघते आणि वाचणाराही तिच्याबरोबर बाहेर जातो.

मग चाल बघा. चारही स्प्रेड फुल ब्लीड (फोटो पानाच्या कडेपर्यंत भिडलेला) असतील तर वाचणारा दुसऱ्यातच दमतो. पहिला मोठा, दुसरा गजबजलेला, तिसऱ्यात एकच छोटा फोटो आणि बाकी पांढरं, शेवटचा पुन्हा मोठा, असं काहीतरी. पांढरी जागा बघून 'इथे अजून एक फोटो बसेल' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला चहा आणायला पाठवा.

फोटोग्राफरचा सगळ्यात लाडका फोटो बऱ्याचदा बसत नाही. खूप कष्टाने काढलाय, गुडघाभर चिखलात उभं राहून काढलाय, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. तो काढा, पोर्टफोलिओत घाला. एक रात्र सगळं तसंच जमिनीवर ठेवता आलं तर ठेवा (शिपाईकाकांना सांगून), सकाळी उलट बाजूने चालत येऊन बघा.

आठ पानांचं एडिटोरियल आठ पानांच्या बुकलेटमध्ये बसत का नाहीये?

कारण आठ पानी बुकलेटचं पहिलं पान कव्हर आणि आठवं मागचं कव्हर. आत उरतात २-३, ४-५, ६-७, म्हणजे तीनच स्प्रेड. सेंटर पिनचं (मधल्या घडीवर स्टेपल मारलेल्या बुकलेटचं) काम चार पानांच्या पटीत जातं, त्यामुळे चार स्प्रेड हवे असतील तर १२ पानी करा. मग २ ते ९ किंवा ४ ते ११ एडिटोरियल, बाकी जागेत कव्हर, अनुक्रम, क्रेडिट.

१२ पानीत ६-७ ही दोन पानं खरोखर एकाच कागदावर असतात, बाकी सगळे स्प्रेड दोन वेगळ्या कागदांचे, त्यामुळे थोडेफार सरकतातच. दोन पानांवर पसरणारा फोटो ६-७ वर टाका. आणि कुठेही चेहरा घडीवर येऊ देऊ नका. डिझाइन सुरू करण्याआधी तीन कोरे कागद एकात एक घालून घडी घाला, पानांवर नंबर टाका, पेन्सिलने चौकटी काढा. या डमीसमोर कुठलंही सॉफ्टवेअर फिकं आहे.

मराठीत मजकूर घेतला तर इंग्रजी मॅगझिनसारखा लुक येईल का?

तसाच येणार नाही, आणि त्याच्या मागे लागूच नका. इंग्रजी फॅशन मॅगझिनची हुकमी ट्रिक म्हणजे कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवणं. मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. स्पेसिंग शून्यच ठेवा. कॅपिटल नाहीत, खरं इटॅलिकही नाही, तिरपं केलेलं देवनागरी नुसतं कललेलं दिसतं. मग फरक साइजने आणि वजनाने करायचा. एक शब्द प्रचंड मोठा, पार पानाबाहेर कापलेला, आणि बाकी मजकूर बारीक. शिरोरेषा हीच तुमची आडवी रेघ आहे, ती क्षितिजाला जुळवा, छत्रीच्या कडेला जुळवा. 'अंगावरचं छप्पर' या शीर्षकात तर छप्पर फुकटातच मिळतंय.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, ते सेटिंग पहिल्या दिवशीच करा. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी हे सगळे फुकट आहेत. ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते तपासा, आणि 'वाऱ्यावर' असा शब्द टाइप करून अर्धा र नीट येतोय का बघा.

मजकूर किती? शीर्षक, खाली दोन-तीन ओळींचा इंट्रो आणि कॅप्शन. कविता नको. 'ती पाऊस आहे, ती वादळ आहे' हे तर नकोच नको.

एआयने फोटो केले तर?

आधी ब्रीफ वाचा आणि मॅडमना विचारा. ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये गेस ब्रँडच्या जाहिरातीत एआयने बनवलेली मॉडेल होती, त्यावरून केवढा गदारोळ झाला. मूडबोर्डला किंवा लाइटिंगचा अंदाज घ्यायला वापरलंत तर तसं प्रोसेस बुकमध्ये (काम कसं झालं त्याची वही) लिहा. फायनल फोटोत वापरायचं मला तरी पटत नाही, कारण प्रोजेक्टमध्ये शिकायचं असतं ते नेमकं तेच काम मशीनला दिलंत तर ज्युरीत बोलणार काय? विजेची तार काढणं, डाग पुसणं एवढं रिटचिंग ठीक. कंबर बारीक करणं नाही.

क्रेडिट कसे द्यायचे?

सगळ्यांचे. मॉडेल, मेकअप, ज्याने रिफ्लेक्टर धरला तो, जागेचा मालक, कपडा कुणाचा. कॅप्शनमध्ये कपडा, कापड, बनवणारा, आणि विकत मिळत असेल तर किंमत. घरचा असेल तर 'सुती नऊवारी, स्टायलिस्टच्या आजीची' असं बिनधास्त लिहा, मला तर अशी कॅप्शन दुकानाच्या नावापेक्षा आवडतात.

पारंपरिक वस्तूंचं नाव चुकवू नका. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग इकडे एवढा आरडाओरडा झाला की त्यांना मूळ कुठलं ते मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय टॅग (मूळ जागेच्या नावाचं कायदेशीर संरक्षण) आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या कारागिरांसाठी. तेव्हा तुमच्या पानावर 'लेदर सँडल' लिहायचं नाही. खण असेल तर तो गुळेदगुडचा का, कुणी विणला हे माहीत असेल तर तेही. घोंगडी कुणाकडून आणली, नाव विचारून या.

कव्हरवर 'व्होग'चं नाव टाकलं तर चालेल? रिअल दिसेल.

वर्गापुरतं काही शिक्षक चालवून घेतात, पण ते नाव ट्रेडमार्क आहे आणि इन्स्टावर टाकलंत की भलताच प्रश्न. स्वतःचं नाव ठेवा. त्यातही मार्क असतात.

प्रिंटवाल्याकडे जाताना काय घेऊन जायचं?

पीडीएफ, तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) आणि क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्या खुणा) यांच्यासकट, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत), फॉन्ट एम्बेड करून. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांत गेला तर कडा धूसर होतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापून निस्तेज येतो, आणि मावळातल्या पावसाळी शूटमध्ये हिरव्याशिवाय असतं काय, तर आधी एका पानाचं प्रूफ काढा. ए-थ्री स्प्रेड ब्लीड आणि मार्कसकट १३ बाय १९ इंचाच्या शीटवर बसतो, १२ बाय १८ वर मार्क कापले जातात.

कागद आतल्या पानांना १३० किंवा १७० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) मॅट आर्ट, कव्हर २५० च्या आसपास, क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडणं) करून, नाहीतर घडीवर रंग तडकतो. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते, ज्युरी रूममध्ये पान तिरकं करून बघावं लागतं. आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका, त्या दिवशी अख्खं कॉलेज तिथेच उभं असतं.

एक जण कामच करत नाहीये, काय करू?

लवकर बोला, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे मारून नाही, समोर. बऱ्याचदा त्याला काय करायचं तेच कळलेलं नसतं, 'तू मदत कर' हे काम नसतं, 'शुक्रवारपर्यंत बुटीकची तीन पत्रं' हे असतं. तरी नाही हलला तर शूटच्या आधी शिक्षकांना सांगा, नंतर नाही. प्रोसेस बुकमध्ये कुणी काय केलं ते तारखेसकट लिहीत गेलात तर शेवटी कुणाला काही सिद्ध करत बसावं लागत नाही. खर्चाचंही तसंच, ज्या दिवशी झाला त्या दिवशी शीटमध्ये टाका आणि आठवड्याला हिशोब मिटवा.

प्रत्येकाने आपल्या पोर्टफोलिओत हाच स्प्रेड टाकला तर चालतं?

चालतं, सगळेच टाकतात. फक्त आपण काय केलं ते स्पष्ट लिहा आणि बाकीच्यांची नावं ठेवा. स्टायलिस्टने पोर्टफोलिओत नुसती फायनल पानं लावण्याऐवजी लुक ठरवतानाचे फिटिंगचे फोटो लावावेत, आर्ट डायरेक्टरने पेन्सिलची डमी, प्रॉडक्शनवाल्याने कॉल शीट. इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत एकाच स्प्रेडवर दोन मैत्रिणींनी 'आर्ट डायरेक्शन माझं' म्हटलं तर समोरच्याला कळतं, दोघी एकाच दिवशी आलेल्या असतात बहुतेक.